ओंडका की हरणी

व्यायामाच्या त्या हॉलात एकच कायदा होता. बोलायचं असेल तर उभं राहून बोलायचं. बसल्या बसल्या कुणी तोंड उघडलं की फिजिओताई बोट वर करायची, "आधी उठा, मग बोला." ताई वयानं सगळ्यांच्या लेकीसारखी, पण धाक सासूचा. मोडलेली माणसं बसून गप्पा मारायला लागली की दुपार सरते आणि पाय होता तिथेच राहतो, हे तिनं पुरतं ओळखलं होतं. माणसाला चालायचा कंटाळा येतो, बोलायचा येत नाही. मग बोलण्याच्या गाडीलाच पाय जुंपले, म्हणजे झालं.

ऑपरेटरबाईंना या कायद्याचा जाच नव्हता, कारण त्या बोलतच नसत. एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची सगळी नोकरी गेली. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात वायरी. याला त्याच्याशी जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. लाइनीवरचं ऐकायचं नाही, कानावर पडलंच तर विसरायचं, आणि मध्ये बोलायचं तर मुळीच नाही. नोकरी सुटली, बोर्ड भंगारात गेला, पण सवय काही गेली नाही. घरीही त्या कमीच बोलायच्या. बोलायला नणंद होतीच.

नणंदेला त्या वन्सं म्हणत. लग्न होऊन आल्या तेव्हापासून दोघी एकाच छताखाली. आधी सासू गेली, मग बाईंचे यजमान गेले, मुलगा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत वन्सं आणि वहिनी अशा दोघीच उरल्या. एक बोलायची, एक ऐकायची. संसार म्हणतात तो याहून काय वेगळा असतो!

मग एके दिवशी पडदे धुवायला काढताना स्टूल कलंडलं आणि बाईंच्या डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. हाड जुळलं, टाके सुकले. पण बाई चालेनात. मुलानं तात्पुरतं त्यांना आपल्याकडे नेलं, आणि एका संध्याकाळी समोर बसून हळूच विषय काढला.

"आई, आमच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली रिकामी होतेय. तू इथेच राहा आता. तिथे लिफ्ट नाही, तीन जिने, कशाला तो जीवाला घोर?"

"आणि वन्सं?"

खोली एकाच माणसापुरती होती. "आत्याचं बघू काहीतरी," तो म्हणाला. 'बघू काहीतरी' म्हणजे काय, ते बाईंना न सांगता कळलं. लोक फोनवर 'बघू' म्हणत तेव्हा पुढे काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शेवटी असं ठरलं: महिनाअखेर बाईंनी स्वतःच्या पायांनी घरचे जिने उतरून, पुन्हा चढून दाखवायचे. कठडा धरला तर चालेल, माणूस धरायचं नाही. जमलं तर घर राहील. नाही जमलं तर तळमजला.

म्हणून बाई रोज हॉलात येत, आणि वन्सं रोज आपल्या घरून तिथे येऊन त्यांच्याशेजारी बसत.

हॉलाच्या मधोमध दोन आडव्या दांड्या होत्या. त्यांच्यामधून, दोन्ही हातांनी दांड्या धरून चालायचं. समोर भिंत. भिंतीला नुकताच रंग दिलेला, आणि त्या कोऱ्या रंगात एक खिळा. पूर्वी तिथे कॅलेंडर होतं म्हणे.

"या खिळ्याकडे चालून चालून माझंच तोंड खिळ्यासारखं झालंय," एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला. उभा राहून म्हणाला. जन्मभर त्यानं शहरात बस चालवली होती, कुठे खरचटलं नाही. आणि पाय मोडला तो जावयाच्या स्कूटरवर मागे बसून. "ताई, काहीतरी बघण्यासारखं टांगा की. एखादा खेळाडू टांगा. बघून पाय तरी लाजेल."

"टांगू," ताई म्हणाली. "पण कुठला?"

झालं! तिथून वादाला तोंड फुटलं.

"ओंडका!" ड्रायव्हर म्हणाला. ओंडका म्हणजे वजनं उचलणारा एक गडी. आडवा-उभा सारखाच, मान नावाची वस्तू देवानं दिलेलीच नाही. "त्याच्यासारखा खेळाडू झाला नाही आणि होणार नाही."

कोपऱ्यातून काठी आपटली. गणिताचे मास्तर उठत होते. दोन्ही गुडघे नवे बसवलेले, त्यामुळे उठायला वेळ लागे. पण मत इतकं जोरात आलेलं की गुडघ्यांना यावंच लागलं. "ओंडका? अहो, जो एका जागी उभा राहतो तो खेळाडू कसला? तो तर दरवाजा! हरणी म्हणा, हरणी!" हरणी ही लांब पल्ल्याची धावपटू. "जगात कुठल्याही पोराला विचारा, खेळायचं म्हणजे काय? पोर पळत सुटेल. धावणं हा सगळ्या खेळांचा पाया."

"पाया खाली असतो मास्तर. खाली वजन पेलणारा लागतो. म्हणजे पुन्हा ओंडकाच."

"बस चालवता चालवता तर्कशास्त्र कुठे शिकलात?"

"तुमच्यासारखे पासवाले रोज चढायचे ना. त्यांच्याशी भांडून."

हॉल हसला. दोन पक्ष पडले. काल न बोलणारी माणसं आज उठून बोलू लागली, कोणी भिंतीला टेकून, कोणी खुर्चीची पाठ धरून. ताईनं हे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत लबाड चमक आली. तिनं खिळ्याच्या खाली खडूनं दोन चौकोन काढले. एक ओंडक्याचा, एक हरणीचा. "मत द्यायचं त्यानं दांड्यांमधून चालत यायचं आणि आपल्या हातानं रेघ ओढायची. मला सांगून चालणार नाही. चिठ्ठी चालणार नाही. पाय पाहिजे."

आठवडाभरात एक सोडून हॉलातल्या सगळ्यांनी रेघा ओढल्या. जे पूर्वी दांडीच्या मध्यावर थांबत, तेही पोचले. शेवटी ताईनं मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि हसत वळली.

"समसमान. एकच मत राहिलंय."

सगळ्या माना ऑपरेटरबाईंकडे वळल्या. बाईंनी नेहमीप्रमाणे खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा भाव वधारला. मास्तर शेजारच्या खुर्चीची पाठ धरून हरणीच्या शर्यती समजावू लागले. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूनं येऊन ओंडक्याचं मनगट केवढं होतं ते स्वतःची मांडी दाखवून सांगू लागला. वन्संना तर पर्वणीच. त्या सकाळी हरणीच्या बाजूनं असत, दुपारी ओंडक्याच्या. "मला कुणाचंही पटतं हो," त्या म्हणत, "समजावणारा समोर पाहिजे फक्त."

बाई दांड्यांमध्ये उभ्या राहिल्या की दोन्ही पक्ष दोन्ही बाजूंनी ओरडत. "या बाई, या!" "घाई नको, हरणीसुद्धा सुरुवातीला मागेच राहायची!" ड्रायव्हर तर बस मागे घ्यावी तसा हात हलवायचा, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... डावीकडून जागा आहे!" दांड्यांना धरून डावी बाजू काय नि उजवी काय! बाईंना हसू फुटे आणि हसताना पाऊल पडे.

एके दिवशी त्या भिंतीपर्यंत पोचल्या. ताईनं हातात खडू दिला. बाईंनी खडू या चौकोनाकडे नेला, त्या चौकोनाकडे नेला, आणि परत ताईच्या हातात ठेवला.

"विचार चाललाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं जरा लाइनीवर थांबा."

"अरे देवा!" मास्तरांनी कपाळावर हात मारला. ड्रायव्हर खो खो हसत सुटला. त्या हॉलातलं बाईंचं ते पहिलं वाक्य होतं.

खरं सांगायचं तर विचार फारसा चालला नव्हता. ओंडका काय नि हरणी काय, बाईंना दोघांचंही सोयरसुतक नव्हतं. पण आजवर त्या सगळ्यांना जोडून देऊन बाजूला होत आल्या होत्या. आणि आता माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, त्या काय म्हणतात म्हणून. हे सुख एका रेघेत संपवायला मन होईना. मग त्या रोज चालत भिंतीपर्यंत जात, खडू घेत, आणि "उद्या" म्हणून परत येत. ताईला सगळं कळत होतं. तिचं काय बिघडणार होतं? उद्या म्हणजे आणखी एक फेरी.

फेऱ्या झाल्या. दांड्या सुटल्या, काठी आली. मग ताई त्यांना कोपऱ्यातल्या लाकडी जिन्याकडे घेऊन गेली. तो कुठेच न जाणारा जिना होता. एका बाजूनं चढायचं, वर हातभर फळी, दुसऱ्या बाजूनं उतरायचं.

"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. ध्यानात राहील?"

"राहील, राहील," वन्सं म्हणाल्या आणि लगेच उठून, कायदा पाळून, जागच्या जागी ओवी जुळवली:

*चढताना पुढं होई, थोरला शहाणा,*
*उतरताना मान घेई, दुखरा पाहुणा,*
*काठी म्हणे दोघांजणां,*
*भांडू नका.*

बाई चढल्या. सावकाश, ओवीच्या ठेक्यावर, शहाणा आधी, पाहुणा मागून. हॉलानं टाळ्या वाजवल्या. बाई फळीवर उभ्या राहिल्या, समोर वळल्या आणि खाली पाहिलं.

आणि तिथेच थिजल्या.

चढताना पायरी नाकासमोर येते. उतरताना ती पायाखाली जाते, आणि मध्ये असते ती नुसती हवा. बाईंनी दुखरा पाय पुढे काढला, हवेत लोंबकळत ठेवला, पुन्हा मागे घेतला. पुन्हा काढला. या वेळी टाकला, तो दाणकन आदळला. खुब्यातून कळ थेट डोळ्यांत आली. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या कशाबशा मागे सरल्या आणि फळीवर मटकन बसल्या.

ताई जवळ गेली. वन्सं उठल्या. बाईंनी हातानंच नको म्हटलं. त्यांना तीन जिने दिसत होते, वर दोन खोल्या दिसत होत्या, आणि वन्सं एकट्या, भिंतीशी बोलत असलेल्या. महिनाअखेर चार दिवसांवर आली होती. चढणं येऊन उपयोग काय? वर गेलेलं माणूस खाली येऊ शकलं नाही, तर त्याचं घर म्हणजे तुरुंगच की.

मास्तरांना वाटलं, धीर द्यायला हरणीचं काहीतरी सांगावं. ते उठले. "बाई, हरणीनं तो डोंगरावरचा चढ..."

"चढाचं सांगू नका मास्तर," बाई वरून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण हॉलभर गेला. बसूनच बोलल्या, तरी ताईचं बोट वर गेलं नाही. "चढाचं महिनाभर ऐकतेय. ही किती पुढे गेली, त्यानं किती उचललं. मला एवढंच सांगा, तुमची ही मोठी माणसं उतरली कशी?"

मास्तर उभेच राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे खाली कशी आली? कधी ना कधी खाली यावंच लागलं असेल ना त्यांना? का अजून वरच आहेत?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. हरणीचा प्रत्येक विजय त्यांना तोंडपाठ होता. पण ती थांबली कशी, कुठे, हे काही आठवेना. "ते... वर्तमानपत्रात एवढं यायचं नाही," ते पुटपुटले आणि बसले. बसल्यावर बोलता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी बरंच वाटलं.

ड्रायव्हर मात्र उठला. नेहमीचं हसू नव्हतं.

"बाई, मी ओंडक्याला एकदा डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही वजनवाले पाहिलेत? उचलतात, डोक्यावर धरतात, घंटा झाली की देतात सोडून. धाडकन! जमीन हादरते. नियमच तसा आहे, सोडलं तरी चालतं. सगळे सोडतात. ओंडका सोडायचा नाही. घंटा झाल्यावर लोक उठून टाळ्या वाजवायला लागायचे, आणि हा आपला वाकतोय. हळू. गुडघ्यात हळूहळू वाकत वजन खाली आणतोय, झोपलेलं लेकरू अंथरुणावर ठेवावं तसं. आवाज नाही. टाळ्या थांबून जायच्या, लोक बघत राहायचे."

"त्याला त्याचे गुण मिळायचे?" मास्तरांना राहवलं नाही. पुन्हा उठावं लागलं.

"शून्य. कुणीतरी विचारलं त्याला, कशाला करतोस? तर म्हणाला, पोरवयात मी माळ्यावर सराव करायचो. बाप रात्रपाळीचा पहारेकरी, दिवसा खाली झोपायचा. वजन आपटलं की खालून काठी ठोकायचा. म्हणून ठेवायला शिकलो. उचलणं मागून आलं."

बाई फळीवर बसूनच होत्या, पण डोळे ड्रायव्हरच्या गुडघ्यांवर. सांगता सांगता तो मोडक्या पायानं खरंच थोडा वाकला होता.

"पुन्हा दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वाकतात कसं ते."

ड्रायव्हरनं खुर्ची धरून दाखवलं. ताई एकदम पुढे आली. "थांबा. बाई, तुमची चूक मला आत्ता दिसली. माझीच म्हणा हवं तर. तुम्ही सगळा वेळ दुखऱ्या पायाकडे बघताय, तो खाली नीट पडेल का म्हणून. पण वजन त्याच्यात नाहीच! वजन वर राहिलेल्या पायात आहे, आणि तो धडधाकट आहे. तुम्ही त्याला एकदम सोडून देता, म्हणून दुखरा आदळतो. वरच्या गुडघ्याला हळू वाकू द्या. सोडायचं नाही. ठेवायचं."

बाई उठल्या. कठडा धरला. दुखरा पाय पुढे काढला आणि त्याच्याकडे न बघता मन मागच्या गुडघ्यात नेऊन बसवलं. खाली कोणीतरी रात्रपाळी करून झोपलंय, असं मनाशी धरलं. गुडघा वाकू लागला. मांडी थरथरली. खालची पायरी इतक्या हळू आली की ती कधी लागली ते कळलंच नाही. आवाज झाला नाही.

टाळ्याही झाल्या नाहीत. सगळे श्वास धरून होते.

सगळ्या पायऱ्या उतरून झाल्यावर बाई तशाच काठी टेकत भिंतीपाशी गेल्या. खडू मागितला. आणि ओंडक्याच्या चौकोनात एक सरळ रेघ ओढली.

"मला हे मान्य नाही!" मास्तर ओरडले. "वजन ठेवणं हा खेळ नाही! नियमात नाही!"

"मास्तर," बाई वळून म्हणाल्या, "नियमात असलेलं सगळेच करतात."

"वहिनी!" वन्सं चकित झाल्या. "तुम्हाला भांडता येतं?"

"तुम्ही मध्ये जागा कधी सोडलीत?"

महिनाअखेर मुलानं आईला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. आईला त्यानं कठड्याशी उभं केलं आणि स्वतः तिच्यापुढे दोन पायऱ्या खाली, तोंड तिच्याकडे करून, हात पसरून उभा राहिला, जणू वरून भांड्यांची फळीच कोसळणार आहे.

"बाजूला हो," आई म्हणाली. "पायरी दिसत नाही."

"पडलीस म्हणजे?"

"पडले तर तुझ्यावर पडेन. मग दोघांना त्याच ताईकडे जावं लागेल. ती बसू देत नाही रे."

तो बाजूला झाला. बाई निघाल्या. दुखरा पुढे, मागचा गुडघा हळू, मग तोही पाय शेजारी. पहिल्या वळणावर थांबल्या, श्वास घेतला. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराआड कुकरची शिट्टी वाजली. आणखी खाली. मांडी आता चांगलीच कापत होती. एका पायरीवर पाय जरा आपटलाच, कळ आली. बाई कठड्याला टेकल्या, मुलगा धावला. त्यांनी मान हलवली. कळ ओसरू दिली. मग मागचा गुडघा पुन्हा वाकवायला घेतला, पहिल्यापासून, घाई न करता. वरच्या कठड्यावरून वन्सं ओणवून बघत होत्या. त्या चक्क गप्प होत्या.

मुलगा शेजारून एकेक पायरी उतरत होता. आई इतकी हळू, इतकं मन लावून काही करताना त्यानं कधी पाहिली नव्हती. की पाहिली होती, पण तेव्हा नीट लक्ष दिलं नव्हतं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. शांतता सोसेना म्हणून तो म्हणाला, "आत्या सांगत होती, तू ओंडक्याला मत दिलंस? आई, हरणीला सोडून? मी लहानपणापासून हरणीचा आहे."

बाईंचं लक्ष पायरीवर. अजून एक जिना उरला होता.

शेवटची पायरी उतरून त्या उंबऱ्याशी आल्या. बाहेर रस्ता होता, सायकली होत्या, कुणीतरी काच पुसत होतं. बाईंनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मुलगा सर्वांत खालच्या पायरीवर बसला होता, जणू सगळे जिने त्यानंच उतरले होते.

"त्या खोलीवाल्याला मी नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला.

"कळव."

"पण ओंडका? खरंच? अगं, तो जागचा हलायचासुद्धा नाही."

"बसून बोलू नकोस," आई म्हणाली आणि वळून चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला. "ऊठ. चढता चढता सांगते."